डोंगरातल्या गावाने उत्पन्नाच्या वाटा कशा वाढवाव्यात

एका घराकडे बटाटा, वाटाणा आणि कोबी अशी तीन पिकं आहेत म्हणून त्याचं उत्पन्न तीन ठिकाणाहून येतं, असं म्हणता येत नाही. एका गारपिटीत तिन्ही जातात. दरड कोसळून रस्ता आठ दिवस बंद राहिला तर तिन्ही शेतातच सडतात. जोडधंदा निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आज जे उत्पन्न आहे ते ज्या कारणाने बुडतं, त्याच कारणाने हे नवंही बुडेल का? उत्तर 'हो' असेल तर तो धंदा कितीही फायद्याचा दिसला तरी त्याने घर सावरणार नाही. नवं उत्पन्न वेगळ्या महिन्यात यावं, वेगळ्या कारणाने बुडणारं असावं आणि आधीच्या कामातले हात ओढून घेणारं नसावं. पुढचं सगळं या तीन अटींवर बेतलेलं आहे.

आधी बारा महिन्यांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. आडव्या ओळी सहा: येणारे पैसे, जाणारे पैसे, पुरुषांच्या कामाचे तास, बायकांच्या कामाचे तास, पाणी आणि रस्ता. बायकांचे तास वेगळे लिहायलाच हवेत. पाणी, सरपण, गुरं आणि निंदणी हे सगळं एकत्र 'घरकाम' म्हणून लिहिलं की त्यांच्याकडे वेळच वेळ आहे असं दिसतं, आणि मग वाळवण, पॅकिंग, पाहुण्यांचा स्वयंपाक सगळं त्यांच्याच अंगावर पडतं. डोंगरातले जोडधंद्याचे बरेच गट पहिल्याच वर्षी मोडतात ते यामुळे.

पाण्याच्या ओळीत अंदाज नको, माप हवं. झऱ्याखाली २० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. दर महिन्याला त्याच ठिकाणी, त्याच वेळी. रस्त्याच्या ओळीत गाडी कुठपर्यंत येते आणि तो किती दिवस बंद असतो ते लिहा.

असा तक्ता दहा-पंधरा घरांचा केला की दोन गोष्टी लगेच दिसतात. पैशाचा दुष्काळ कोणत्या महिन्यांत पडतो, आणि हात रिकामे कधी असतात. हे दोन्ही महिने एकच असतील तर बारीक जागेतलं, छपराखालचं काम शोधायचं. वेगवेगळे असतील तर असा माल करायचा, जो मोकळ्या महिन्यात तयार होईल आणि टंचाईच्या महिन्यात विकता येईल. त्यासाठी तो टिकला पाहिजे.

वजनाचा हिशोब

डोंगरात माल तयार होण्याआधी त्याची वाहतूक ठरते. पायवाटेने माणूस २५ ते ३० किलो नेतो, खेचर ६० ते ८० किलो. गाडीरस्त्यापर्यंत दोन तास चालावं लागत असेल तर एका फेरीत अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी २५ किलोंवर वाटा आणि प्रत्येक किलोवर किती पडते ते पाहा. वाहतूक विक्रीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल तर माल आहे तसा खाली पाठवू नका. आधी त्यातलं पाणी काढा, नाहीतर दुसरा माल निवडा. कडक चीजच्या एका किलोत जवळपास १० लिटर दूध असतं. म्हणजे दहा किलोंचं ओझं एक किलोवर येतं, शिवाय दूध संध्याकाळपर्यंत खाली पोचवायची घाई संपते. केशराचा एक ग्रॅम दीडशेच्या आसपास फुलांतून निघतो. वर्षभराचं उत्पन्न खिशातून नेता येतं, पण फुलं उमलतात तेव्हा सकाळच्या काही तासांत सगळे हात खुडणीला लागतात. वजन हलकं म्हणजे काम हलकं असा अर्थ घेऊ नका.

जिथे वरचं गाव आणि खालचा रस्ता यांत सलग उतार आहे, तिथे माल उतरवायला गुरुत्वाकर्षणावर चालणारा तारेचा झुला बसवता येतो. दोन पाळणे एकाच फिरत्या तारेला जोडलेले असतात. वरून भरलेला पाळणा खाली येताना दुसऱ्याला वर ओढतो. वर चढणारं वजन खाली येणाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश असावं लागतं, त्याहून जास्त टाकलं तर पाळणा मधेच अडकतो. ब्रेक खालच्या ठिकाणी असतो, आणि दोन्ही टोकांची माणसं एकमेकांना इशारा देऊनच पाळणा सोडतात. यात माणूस बसवायचा नाही, घाईतही नाही, आजाऱ्यालाही नाही.

उंची हेच भांडवल

खालच्यांकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे: थंडावा. दर १०० मीटर चढलं की तापमान सरासरी ०.६ ते ०.६५ अंश सेल्सिअसने उतरतं. वसंतातला बहर दर १२० मीटरला सुमारे चार दिवस उशिरा येतो. खालचं रान आणि वरचं रान यांत ६०० मीटरचा फरक असेल तर एकाच झाडाचा फुलोरा जवळपास तीन आठवडे पुढे सरकतो. खालच्या बाजारात उकाड्यामुळे कोबी, वाटाणा, मुळा येत नाही तेव्हा तुमच्याकडे येतो. पेरणीची तारीख म्हणूनच उलट्या बाजूने ठरवा. खालचा माल कधी संपतो ते आधी, त्यातून पिकाचे दिवस वजा करून पेरणी. मात्र बिगरहंगामी भाजीलाही रोज उघडा रस्ता लागतो, त्यामुळे तिच्यावर सगळं गाव उभं करणं धोक्याचं.

बियाण्याचा बटाटा या बाबतीत जास्त भरवशाचा. विषाणू पसरवणारा मावा थंड, वाऱ्याच्या उंचीवर कमी असतो, म्हणून तिथलं बेणं निरोगी राहतं आणि खालचे शेतकरी त्याला खाण्याच्या बटाट्यापेक्षा चढा भाव देतात. त्यासाठी त्याच वाफ्यात तीन ते चार वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी यांपैकी काहीच घ्यायचं नाही. पानं गुंडाळलेली किंवा ठिपक्यांची झाडं दिसली की मुळासकट, खालच्या कंदांसह उपटून शेताबाहेर न्यायची. मावा वाढायला लागण्याआधी वरचा पाला कापून टाकायचा, मग दोन-तीन आठवड्यांनी साल घट्ट झाल्यावर काढणी. पाला कापायचं बरेच जण टाळतात, कारण कंद आणखी फुगतील अशी आशा असते. कंद फुगतात खरे, पण तेवढ्या दिवसांत विषाणू पानांतून कंदात उतरतो आणि बेणं खाण्याच्या भावाने विकावं लागतं.

वाळवण: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

एकच नवा उद्योग सुरू करता येणार असेल तर तो वाळवणाचा असावा. फळ, भाजी, अळिंबी, औषधी पानं सगळ्यांना तो उपयोगी पडतो, आणि रस्ता बंद असला तरी माल थांबू शकतो.

उघड्यावर चटईवर वाळवलेला माल धूळ, माश्या आणि दवामुळे चांगल्या गिऱ्हाइकाकडे जात नाही. साधा सौर ड्रायर दोन भागांचा असतो: काच किंवा अतिनील किरणांना टिकणारी शीट लावलेली, आतून काळी केलेली उथळ पेटी, जिच्यात हवा तापते, आणि तिच्या वरच्या टोकाला जोडलेलं जाळीच्या ट्रेचं कपाट, ज्याच्या माथ्यावर धुराडं असतं. हवा खालून आत येते, तापते, ट्रेमधून वर जाते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी आणि उघडझाप करता येईल अशी झडप हवी. बाजारातली साधी प्लास्टिक शीट उंचीवर लवकर फुटते, कारण दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात.

जागा निवडताना नकाशावरच्या दिशेपेक्षा डोंगराची सावली महत्त्वाची. वाळवणाच्या महिन्यात तिथे दिवसभर उभं राहून ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता कड्याआड जातं ते लिहून घ्या. सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर ती जागा सोडा.

आकार किती ठेवायचा ते पाण्याच्या हिशोबाने ठरतं. लख्ख उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर काच साधारण दीड ते दोन किलो पाणी उडवते. सफरचंदाचं उदाहरण घ्या. दहा किलो फळातून साल, गाभा आणि डागी भाग काढल्यावर आठ किलो चकत्या उरतात. त्यांत ८४ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग १.२८ किलो. वाळलेल्या मालात १८ टक्के ओलावा ठेवायचा तर अंतिम वजन १.२८ भागिले ०.८२, म्हणजे १.५६ किलो. उडवायचं पाणी जवळपास साडेसहा किलो. दोन चौरस मीटरच्या काचेला त्यासाठी दोन चांगले दिवस लागतात. हा हिशोब न करता पेटी गच्च भरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास येतो.

याच हिशोबाने माल कधी उतरवायचा तेही कळतं. एका ट्रेवर ५०० ग्रॅम ओल्या चकत्या मोजून ठेवा आणि तो ट्रे दर दोन तासांनी तोला. ट्रेचं स्वतःचं वजन वजा करून चकत्या ९८ ग्रॅमच्या आसपास आल्या की १८ टक्के ओलावा झाला. बोटाने दाबून ठरवणारा अनुभवी माणूसही ढगाळ दिवशी चुकतो, तराजू चुकत नाही.

चकत्या ४ ते ६ मिलिमीटर, सगळ्या सारख्या. जाड-पातळ मिसळल्या तर पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात, मग एका ओल्या चकतीची बुरशी अख्ख्या पाकिटात पसरते. कापल्यावर काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या रसाच्या किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा आणि नीट निथळू द्या. भाज्यांना मात्र आधी दोन-तीन मिनिटं वाफ द्यावी लागते. ती दिली नाही तर वाळल्यानंतरही रंग आणि वास महिनाभरात उतरतो.

तापमान: फळांना ५५ ते ६०, भाज्यांना ५० ते ६०, अळिंबीला ४५ ते ५५, सुगंधी पानांना ३५ ते ४० अंश. पानांचा सुगंध ज्या तेलात असतो ते त्याहून जास्त उष्णतेत उडून जातं, म्हणून पानं थेट उन्हात कधीच ठेवू नयेत, सावलीतल्या कपाटात ठेवावीत. पानांचा ओलावा १० टक्क्यांच्या खाली यायला हवा. देठ वाकवल्यावर तुटला पाहिजे, नुसता वळता कामा नये.

सर्वांत नेहमीची चूक घाईतून होते. पहिल्याच तासात कपाट ७० अंशांवर नेलं तर चकतीचा वरचा थर कडक होऊन बंद होतो आणि आतलं पाणी कोंडतं. माल वरून कुरकुरीत लागतो, वजनही कमी झालेलं दिसतं, आणि तीन आठवड्यांनी आतून काळा पडतो. सुरुवातीला झडपा पूर्ण उघड्या ठेवून ओली हवा बाहेर जाऊ द्या, मग हळूहळू बंद करत उष्णता वाढवा. ऊन गेलं की झडपा बंद करा किंवा ट्रे घरात घ्या. डोंगरातली रात्र थंड आणि दमट असते, दिवसभरात उडवलेल्या पाण्यातलं बरंच माल रात्री परत ओढून घेतो.

वाळलेला माल लगेच पाकिटात भरू नका. काचेच्या मोठ्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. ओल्या-सुक्या चकत्यांतला ओलावा सारखा होतो. काचेवर आतून थेंब दिसले तर माल पुन्हा ड्रायरमध्ये जाईल. हा आठवडा वाचवणारा गट पुढे परत आलेल्या मालात त्याच्या कित्येक पट वेळ घालवतो. पातळ पॉलिथिनमधून ओलावा आत शिरतो, ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट किंवा काचेची बरणी घ्या. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून ठेवा: २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असतो, म्हणून वर हवाबंद केलेलं पाकीट खाली पोचेपर्यंत आक्रसतं. ते फुटलेलं नसतं.

जॅम आणि बाटल्या: उंचीवर पुस्तकातले आकडे चालत नाहीत

पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. २४०० मीटरवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं. जॅमच्या पाककृतीत १०५ अंश लिहिलेले असतात, ते समुद्रसपाटीचे. वर तेवढ्या अंशांची वाट पाहत बसलात तर साखर जळते, नाहीतर बरणीत तिचे खडे होतात. उपाय सोपा आहे. त्या दिवशी, त्या जागी नुसतं पाणी उकळून थर्मामीटरने अंश पाहा आणि त्यात साडेचार मिळवा. पाणी ९२ ला उकळत असेल तर जॅम ९६.५ ला उतरवा. रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण दाखवणारं साधन) असेल तर त्यावर ६५ ते ६८ चा आकडा हवा.

बाटल्यांच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. उकळतं पाणीच कमी गरम असल्याने बाटल्या त्यात जास्त वेळ ठेवाव्या लागतात. समुद्रसपाटीवर सफरचंदाच्या फोडींच्या बाटलीला २० मिनिटं पुरतात, १८०० मीटरच्या वर ३५ लागतात. आणि हे फक्त आंबट मालासाठी. ज्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा मोठा तर आंबटपणा कमी) ४.६ च्या वर आहे अशा भाज्या, अळिंबी, डाळी आणि मांस नुसत्या उकळत्या पाण्यात कितीही वेळ ठेवले तरी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यांना दाबाचं यंत्र (प्रेशर कॅनर) लागतं. तेलात बुडवलेली अळिंबी किंवा लसूण बाटलीत भरून विकण्याचा मोह अनेक गटांना होतो, कारण ती दिसते सुंदर. प्रयोगशाळेत पीएच तपासून आंबटपणा आणलेला नसेल तर ती विकू नका. गटाकडे दाबाचं यंत्र आणि पीएच मीटर येईपर्यंत जॅम, सरबत आणि सुका माल एवढ्यावरच थांबणं योग्य.

मधमाश्या

मधपेटीला जमीन लागत नाही, म्हणून भूमिहीन घरांना हा धंदा सर्वांत आधी द्यावा. एका घराला पाचपेक्षा जास्त पेट्यांनी सुरुवात नको. आशियातल्या डोंगरांत सातेरी माशी थंडीला आणि वरोआ या कोळ्याला जास्त तोंड देते, मध मात्र कमी देते. मेलिफेरा ही युरोपीय माशी जास्त मध देते, पण तिला वरोआवर नियमित उपचार लागतात. सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणूजन्य रोग आलेल्या वसाहतीतल्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका, सातेरीच्या वसाहती त्याने लागोपाठ रिकाम्या होतात.

वर सांगितलेला फुलोऱ्याचा तीन आठवड्यांचा फरक मधमाश्यांसाठी सोन्यासारखा आहे. खालच्या रानातला बहर ओसरला की पेट्या ५०० ते ६०० मीटर वर न्या, तिथे तोच बहर नव्याने सुरू होत असतो. पेटी रात्री हलवा, दार जाळीने बंद करा आणि वरून हवा जाऊ द्या, नाहीतर गर्दीच्या उष्णतेने पोळं वितळतं. दोन जागांमध्ये सरळ रेषेत पाच किलोमीटर किंवा मधे उंच कडा असावा. जवळच हलवलेल्या पेटीतल्या म्हाताऱ्या माश्या जुन्या जागी परत जाऊन मरतात.

चौकटीच्या तीन चतुर्थांश घरांवर मेणाचं झाकण आलं की मगच मध काढा. घाईने काढलेल्या मधात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहतो आणि तो फसफसतो. असा मध नंतर तापवून घट्ट करणं म्हणजे त्याचा वास आणि भाव दोन्ही घालवणं. शेवटचा बहर पूर्ण काढून घेऊ नका. हिवाळ्यात पेटी उपाशी मेली तर पुढच्या वर्षी वसाहत विकत घ्यावी लागते, आणि ती मधापेक्षा नेहमीच महाग पडते. शरदात साखरेचा पाक द्यायचा झाल्यास दोन भाग साखर, एक भाग पाणी. वसंतात समप्रमाणात.

धिंगरी अळिंबी

रिकामा गोठा, भाताचा किंवा गव्हाचा पेंढा आणि हिवाळ्यातले मोकळे हात जिथे आहेत तिथे धिंगरी बसते. पेंढा ३ ते ५ सेंटिमीटर कापा, रात्रभर भिजवा, मग ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात एक तास ठेवा. उकळायची गरज नाही. निथळल्यावर मूठभर पेंढा घट्ट पिळा: दोन-चार थेंब पडावेत, धार नको. धार लागली तर आत हवा राहत नाही आणि पिशवी सडते. ओल्या पेंढ्याच्या ३ ते ४ टक्के स्पॉन (अळिंबीचं बेणं) थरांमध्ये मिसळा, पिशवीला भोकं पाडा आणि २० ते २५ अंशांत, अंधारात १५ ते २० दिवस ठेवा. पिशवी पांढरी झाली की उजेड, खेळती हवा आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता. दहा किलो सुक्या पेंढ्यावर पाच ते आठ किलो ताजी अळिंबी हा वास्तव अंदाज आहे. देठ लांब आणि छत्री लहान आली तर हवा कमी पडते आहे. हिरवे डाग दिसले तर पेंढा नीट तापला नव्हता, ती पिशवी न उघडता लांब नेऊन पुरा. छत्रीची कड वर वळण्याआधीच काढणी करा आणि खोलीत मास्क लावा, बीजाणूंनी दम लागतो. ताजी अळिंबी दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून ड्रायर आधी, अळिंबी नंतर.

रानातून आणायचं ते

जंगलातून मुळं खणून आणणं हा जोडधंदा नव्हे, ती ठेव मोडणं आहे. मुळीच्या औषधी वनस्पतीला काढणीयोग्य व्हायला तीन-चार वर्षं जातात. जटामांसी आणि कुटकी साइट्स (धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) याच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, कोष्ठ परिशिष्ट १ मध्ये. लागवडीचा माल असल्याचे कागद नसतील तर व्यापारी तो सीमेपलीकडे नेऊ शकत नाही, आणि मग तो पडेल भावानेच मागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वाफ्याची नोंद ठेवा: रोप कुठून आणलं, कधी लावलं, किती काढलं. पानं, फुलं, बिया आणि फळं रानातून घ्यायची असतील तर रानाचे चार भाग करा, दर वर्षी एकच भाग उघडा, आणि बी धरलेली झाडं तशीच सोडा.

ओढ्याची वीज

छोटी जलविद्युत पाहण्याआधी एक सूत्र पाठ करा: प्रवाह लिटर प्रति सेकंद, गुणिले उंची मीटरमध्ये, गुणिले ५, म्हणजे मिळणारे वॅट. प्रवाह वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्याचा धरा आणि त्यातला निम्माच वापरा, उरलेला ओढ्यातल्या जिवांचा आणि खालच्या गावाचा. असे वापरायचे ८ लिटर आणि ३० मीटर असतील तर १२०० वॅट, दिवसाला जवळपास २९ युनिट.

पैसे वाचवायला लोक बारीक पाइप घेतात आणि सगळं तिथेच बुडतं. याच ८ लिटरच्या प्रवाहाला १०० मीटर लांबीचा, आतून ५० मिलिमीटरचा पाइप लावला तर घर्षणातच सुमारे २८ मीटरची उंची जाते. टर्बाइनपर्यंत काही उरतच नाही. ७५ मिलिमीटरमध्ये हे नुकसान ४ मीटरच्या आसपास, १०० मिलिमीटरमध्ये एक मीटरच्या आत. पाइपच्या तोंडाआधी गाळ बसायला टाकी आणि पालापाचोळा अडवायला तिरकी जाळी हवी, आणि पावसाळ्यात ती रोज साफ करणारा माणूस पगारावर हवा. 'सगळ्यांनी मिळून करू' म्हटलं की जाळी तुंबलेली राहते.

रात्री दिवे विझले तरी पाणी वाहतच असतं, म्हणून लोड कंट्रोलर जादा वीज एका हीटरमध्ये सोडतो. तो हीटर मोकळ्या हवेत न ठेवता ड्रायरच्या कपाटाखाली बसवा. सौर ड्रायरची रात्रीची अडचण यातून सुटते, आणि ढगाळ आठवड्यात माल सडत नाही.

पाहुणे

होमस्टेचा विचार खोल्यांपासून सुरू करू नका, पाण्यापासून करा. झरा कोरड्या महिन्यात मिनिटाला ३ लिटर देत असेल तर दिवसाला ४३२० लिटर. गावात ६० माणसं, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे ३००० गेले. उरलेल्या १३२० लिटरमध्ये प्रत्येकी १०० लिटरने तेरा पाहुणे बसतात, आणि गुरं अजून धरलेली नाहीत. शोषखड्डा झऱ्यापासून ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.

पाहुणे घरोघरी पाळीने वाटा, नाहीतर रस्त्याकडेचं एकच घर श्रीमंत होतं आणि बाकीचे कचरा उचलतात. ३००० मीटरच्या वर मुक्काम नेत असाल तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवा. डोकेदुखीसोबत चालताना तोल जात असेल तर त्या माणसाला रात्र असली तरी खाली आणा. आणि पर्यटनाला एकूण उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून मोठं होऊ देऊ नका. एक साथ, एक भूकंप किंवा एक वाईट बातमी, आणि पूर्ण हंगाम रिकामा जातो.

क्रम, हिशोब आणि थांबणं

पहिल्या वर्षी एकच गोष्ट, चार-पाच घरांपुरती, लहान प्रमाणात. दुसऱ्या वर्षी तीच गोष्ट पंधरा घरांत, आणि सोबत दुसरीची चाचणी. एका हंगामात तीन धंदे सुरू केले की तिन्हींचं शिकणं अर्धवट राहतं.

माल आणून दिला त्याच दिवशी घराला निदान ६० ते ७० टक्के रक्कम मिळाली पाहिजे, उरलेली विक्रीनंतर. तेवढं खेळतं भांडवल नसेल तर आधी ते जमवा. रोख लागली की माणूस गटाला बाजूला ठेवून दलालाला माल देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. एकाच खरेदीदाराला निम्म्याहून जास्त माल देऊ नका. 'डोंगरातलं' असं पाकिटावर लिहिण्याआधी कायदा पाहा: युरोपीय संघाच्या नियमानुसार 'पर्वतीय उत्पादन' असं म्हणायचं तर कच्चा माल मुख्यतः डोंगराळ भागातला लागतो आणि प्रक्रियाही तिथेच व्हावी लागते.

वहीत प्रत्येक घाण्याची एक ओळ: तारीख, कोणाचा माल, ओलं वजन, सुकं वजन, लागलेले तास, फेकलेला माल आणि फेकण्याचं कारण. घरच्या माणसांचे तासही मजुरीच्या दराने धरायचे. त्यावर ड्रायर, पेट्या किंवा पाइप यांचा वार्षिक घसारा टाका. एवढं करून सलग दोन हंगाम किलोमागे काहीच उरत नसेल तर तो धंदा बंद करा आणि साधनं गटातच दुसऱ्या कामाला लावा. हा नियम सुरुवातीच्याच बैठकीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसे अडकल्यावर तो ठरवायला बसलं की प्रत्येकाला 'अजून एक वर्ष पाहू' असंच वाटतं.